मेट्रो? धिस वे!

फुटबॉलचा वर्ल्ड कप आला की यजमान शहर पाहुण्यांच्या हातात एक चकचकीत गाइड ठेवतं. कुठं राहा, काय खा, काय घालू नका, स्टेडियमला कसं जा. २०२२ मध्ये असंच एक गाइड घेऊन मी दोहात आठ दिवस फिरले. तिथं नऊ वर्षं काढलेल्या माझ्या दादानं ते चाळलं आणि विचारलं, ‘‘हे सगळं इथलंच काय गो?’’

गाइड या प्रकारावर माझा दहावीपासून विश्वास आहे. त्यात सगळी उत्तरं असतात. पेपरात प्रश्न नेमका वेगळाच येतो, हा भाग निराळा. त्यामुळे २३ नोव्हेंबर २०२२ च्या पहाटे दोहाच्या विमानतळावर उतरले आणि समोर गुळगुळीत कागदाच्या पुस्तिकांचा ढीग दिसला, तेव्हा मी एक नाही, दोन उचलल्या.

दोन, कारण आम्ही दोघी येणार होतो. मी आणि माझी कॉलेजमधली मैत्रीण. मास कॉमची डिग्री झाली होती, पहिली नोकरी सोडून झाली होती आणि मी फ्रीलान्सिंग करत होते. घरच्यांच्या भाषेत ‘सध्या काही करत नाही’. ऑनलाइन सोडतीत आम्हाला २८ नोव्हेंबरच्या ब्राझील-स्वित्झर्लंड मॅचची दोन तिकिटं लागली. बाहेरून येणाऱ्यांसाठी ग्रुप मॅचचं सगळ्यात स्वस्त तिकीट २५० रियालचं, म्हणजे तेव्हाच्या हिशेबानं साडेपाच हजार रुपयांचं होतं. एवढ्या पैशात ब्राझील! आम्ही दोघी नाचलो. मग मैत्रिणीच्या ऑफिसात ‘रिलीज’ आलं, बॉसनं रजा नाकारली आणि माझ्या मोबाइलमध्ये एक तिकीट जास्तीचं उरलं. या तिकिटाची गोष्ट पुढे येते.

आठ स्टेडियम, एक गाव

२०२६ च्या वर्ल्ड कपचा पसारा तीन देश, १६ शहरं आणि ४८ टीम्स एवढा. एका मॅचहून दुसरीला जायचं तर विमानच पकडायचं. दोहात उलटं होतं. ३२ टीम्स, ६४ मॅच, आठ स्टेडियम, आणि सगळं जवळपास एका शहरात. सगळ्यात लांबचं अल खोरचं अल बैत, तेही तासाभरावर. एका दिवसात दोन मॅच बघणारे कितीतरी जण भेटले. सकाळी अंगावर जपानचा टीशर्ट, रात्री स्पेनचा.

प्रवेशासाठी हय्या कार्ड लागायचं. तेच व्हिसा, तेच स्टेडियमचं गेटपास, तेच मेट्रोचा फुकट पास. राहण्याचे मात्र वांधे होते. फॅन व्हिलेजमधल्या एका केबिनचं रात्रीचं भाडं दोनशे डॉलरच्या घरात. पण कतारमध्ये राहणाऱ्यांना नातेवाईक, मित्र घरी उतरवून घेण्याची सोय होती आणि मैत्रिणीची मावशी अल मन्सूरात राहते. भाची आली नाही, तिची मैत्रीण आली. मावशींनी तक्रार न करता मला आठ दिवस पोळी-भाजी खाऊ घातली. जगातल्या कुठल्याही वर्ल्ड कपचं सगळ्यात भारी पॅकेज हेच, माझ्यावर विश्वास ठेवा.

आता गाइड काय म्हणत होतं? दिवसा खांदे आणि गुडघे झाका. सूक वाकिफ हा जुन्या ढंगात पुन्हा उभारलेला बाजार बघा, तिथं ससाणे विकत मिळतात. आय. एम. पे यांनी डिझाइन केलेलं इस्लामिक कलेचं म्युझियम बघा. स्टेडियम म्हणजे तर एकेक शोपीस. अल थुमामा हे अरबी पुरुष डोक्याला घालतात त्या गाहफिया टोपीसारखं. अल जनूब झाहा हदीद यांच्या ऑफिसचं, शिडाच्या होडीवरून सुचलेलं. अल बैत म्हणजे भटक्या टोळ्यांचा तंबू. आणि ‘९७४’ नावाचं स्टेडियम ९७४ शिपिंग कंटेनर वापरून रचलेलं. कतारचा फोन कोडही तोच. बंदराला लागून असल्यानं हे एकटं स्टेडियम एसीशिवाय बांधलं होतं. ही शेवटची ओळ लक्षात ठेवा.

गाइड बरोबर होतं. फक्त एका बाबतीत त्याची फजिती झाली. स्टेडियमच्या आवारात बीअर मिळेल, असं त्यात छापलेलं होतं आणि १८ नोव्हेंबरला, पहिली मॅच दोन दिवसांवर असताना, ती बंद झाली. मग बीअर उरली ती हॉटेलांत आणि अल बिद्दा पार्कमधल्या फॅन फेस्टिव्हलमध्ये. तिथं संध्याकाळी सातनंतर अर्ध्या लिटरला ५० रियाल, म्हणजे अकराशे रुपये. मी एक घेतली आणि अख्खी मॅच पुरवली.

रस्ता दाखवणारा हात

दोहा मेट्रो २०१९ मध्ये सुरू झाली. रेड, ग्रीन, गोल्ड अशा तीन लाइन्स, गाडीला ड्रायव्हर नाही आणि तिन्ही लाइन्स मशेरेबला भेटतात. आपलं दादर समजा. धक्काबुक्की वजा, एसी अधिक. पाच स्टेडियमला मेट्रोनं थेट जाता येत होतं, उरलेल्या तीनसाठी बस. नकाशा इतका सोपा की चुकणं अवघड.

तरी लोक चुकत होते. कारण सूक वाकिफमधून बाहेर पडताना हजारो माणसं एकाच वेळी स्टेशन शोधत. तिथं टेनिसच्या अंपायरसारख्या उंच खुर्चीत एक तरुण बसायचा. हातात फोमचा भला मोठा पंजा, तोंडाशी भोंगा आणि तेच एक वाक्य : ‘मेट्रो? धिस वे!’ अबूबकर अब्बास, केनियाचा, वय २३. कामात मजा यावी म्हणून त्यानं त्या वाक्याला चाल लावली आणि दोन दिवसांत अख्खं दोहा ती म्हणायला लागलं. तो ओरडायचा, ‘मेट्रो?’, आणि मेक्सिकोवाले, मोरोक्कोवाले, सौदी सगळे एका सुरात, ‘धिस वे!’ २५ नोव्हेंबरला इंग्लंड-अमेरिका मॅचच्या आधी त्याला अल बैतवर बोलावून माइकवर ते वाक्य म्हणायला लावलं.

माझ्या गाइडमध्ये सूक वाकिफवर दोन पानं होती. पण माझं सूक वाकिफ म्हणजे हा माणूस. तिथून माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला, की या शहरात मला ज्यांनी ज्यांनी रस्ता दाखवला, त्यातलं कतारी कोण होतं?

यादी केली. बस ड्रायव्हर नेपाळी. गेटवरची मुलगी फिलिपिनो. मोबाइलचं सिम देणारा हैदराबादी. चहावाला मल्लू. कतारची लोकसंख्या तीस लाखांच्या आसपास, त्यात कतारी नागरिक दहात एक. एकटे भारतीयच सात लाखांच्या वर. इंग्रजी अडलं तर हिंदी चालतं, हिंदी अडलं तर मल्याळम. अरबीची वेळच येत नाही.

आणि चहा! दोहात ज्याला ‘करक’ म्हणतात तो आपला कडक. शब्द आपल्याकडून गेला, ‘ड’ वाटेत गळला आणि त्यात वेलची पडली. एक-दोन रियालमध्ये कागदी कप. त्या चहावाल्याकडे मी रोज जायचे. वर्ल्ड कप सुरू होण्याआधी केरळच्या मंडळींनी अर्जेंटिना, ब्राझील, इंग्लंडचे टीशर्ट घालून कॉर्निशवर मिरवणूक काढली, तर परदेशात बोंब झाली, ‘हे भाड्याचे फॅन आहेत!’ का, तर भारतीय माणूस ब्राझीलसाठी का नाचेल? कोझिकोडजवळच्या पुल्लावूरला नदीत मेस्सी, नेमार आणि रोनाल्डोचे अजस्र कटआउट उभे केलेले त्यांनी पाहिले नसावेत. चहावाला कप पुढं सरकवत म्हणाला, ‘‘मॅडम, आमच्या घरात १९८६ पासून अर्जेंटिना. मेस्सी तेव्हा जन्मला पण नव्हता.’’

चौकटीच्या बाहेर

शुक्रवारी दादाकडे गेले. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, चिपळूणजवळच्या आमच्या गावचा. आयटीआयला रेफ्रिजरेशन केलं आणि २०१३ मध्ये दोहाला गेला. मेंटेनन्सची कंत्राटं घेणाऱ्या एका कंपनीत एसी मेकॅनिक. राहतो इंडस्ट्रियल एरियात, एका खोलीत सहा जण.

टॅक्सीतून जाताना काचेचे टॉवर संपतात, मग झाडं संपतात, मग रस्त्यांना नावं उरत नाहीत, नुसते नंबर. गॅरेज, गोदामं, पाण्याचे टँकर, वाळत घातलेले निळे युनिफॉर्म. ‘‘पोचलीस काय गो?’’ म्हणत दादा गेटवर आला. खोलीत सगळ्यांनी मिळून माझ्यासाठी चिकन केलं होतं. एकानं कॉटवरची चादर बदलली, कारण पाहुणी आली होती.

जेवल्यावर मी त्याला जास्तीचं गाइड दिलं. तो एकेक पान निरखत राहिला. पर्ल, कतारा, लुसैल. इथलंच काय, हा प्रश्न तेव्हाचा. लुसैलला तो कामाला गेला होता, पण बिल्डिंगच्या मागच्या बाजूनं, कंपनीच्या बसमधून. मग त्यानं मधलं पान, म्हणजे नकाशा, उघडला आणि आपली जागा शोधायला लागला. डावीकडे खाली बोट सरकत सरकत गेलं आणि कागदाची चौकट आली. इंडस्ट्रियल एरिया नकाशात बसतच नव्हता. दादानं खिशातलं पेन काढलं, चौकटीच्या बाहेर समासात एक ठिपका दिला आणि म्हणाला, ‘‘आम्ही इथं.’’ खोलीतले बाकीचेही वाकून बघायला लागले. एकानं त्याच्या शेजारी आपलं आधीचं कॅम्प दाखवणारा दुसरा ठिपका दिला.

अशा जागी गेल्यावर जो प्रश्न विचारायचाच असतो, तो मी विचारला. ‘गार्डियन’नं फेब्रुवारी २०२१ मध्ये छापलं होतं, की वर्ल्ड कप कतारला मिळाल्यापासूनच्या दहा वर्षांत भारत, नेपाळ, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका या पाच देशांतले साडेसहा हजारांहून जास्त कामगार तिथं मरण पावले. हा आकडा सगळ्या कारणांचा आणि सगळ्या कामांवरचा, फक्त स्टेडियमचा नाही. त्यावरून वाद झालेच. मी दोहात होते त्याच आठवड्यात स्पर्धेच्या आयोजन समितीचे सरचिटणीस हसन अल थवादी यांनी टीव्हीवर वर्ल्ड कपशी संबंधित कामांसाठी ४०० ते ५०० असा अंदाज सांगितला. तोपर्यंत अधिकृत आकडे याच्या जवळपासही नव्हते.

दादा म्हणाला, ‘‘आकडा मला काय माहीत गो. ती खिडकीजवळची कॉट बघ. २०१९ चा उन्हाळा. नेपाळचा पोरगा होता, झोपला तो उठलाच नाही.’’

कोणीतरी चहा आणला. विषय बदलला. बदललेलं चांगलंही त्यानंच सांगितलं. २०२० नंतर मालकाच्या परवानगीशिवाय नोकरी बदलता येऊ लागली आणि त्यानं २०२१ मध्ये बदलली. किमान पगार १००० रियाल ठरला. ‘‘पेपरात लिहितात ते सगळं खरं नाही,’’ तो म्हणाला, आणि थोडं थांबून, ‘‘नाही लिहीत तेही असतं.’’ पत्रकारितेच्या दोन वर्षांच्या कोर्समध्ये हे वाक्य मला कोणी शिकवलं नव्हतं.

संध्याकाळी तो मला ‘त्यांच्या’ फॅन झोनला घेऊन गेला. एशियन टाउनमधलं क्रिकेट स्टेडियम, मोठा स्क्रीन, फुकट प्रवेश, मधल्या वेळात हिंदी गाणी. नेदरलँड्स-इक्वेडोर चालू होती. गवतावर हजारो पुरुष. बायका मोजून दहा, त्यातली एक मी. मॅच १-१ बरोबरीत सुटली आणि त्याबरोबर यजमान कतार स्पर्धेबाहेर गेलं, दोनच मॅचमध्ये. मागून कोणीतरी हिंदीत म्हणालं, ‘‘आता उद्या सुट्टी देतात का बघू.’’ सगळे हसले.

‘‘तुम्हा इथल्या लोकांना तर चाळीस रियालला तिकीट होतं ना?’’ मी विचारलं.

‘‘होतं की. तिकिटासोबत ड्यूटी पण आपल्या सोयीची मिळती तर!’’

दादानं एका स्टेडियमच्या कूलिंगचं काम केलं होतं. प्रत्येक सीटखालून गार हवा सोडणारी ती झरोक्यांची सिस्टिम. एकेका झरोक्याशी तो गुडघे टेकून बसला होता. सीटवर बसला नव्हता.

मोबाइलमधलं ते जास्तीचं तिकीट मी तिथंच त्याच्या नावावर केलं. हय्या कार्ड तिथल्या रहिवाशांनाही लागायचं, तेही भरलं. राहिली ड्यूटी. सोमवारी त्याची शिफ्ट संध्याकाळी सहापर्यंत. मॅच सातला.

जाणारच असाल तर

थोडं कामाचं बोलून घेते, कारण मित्रमैत्रिणी हेच विचारतात. यजमान शहर कुठलंही असो, गाइड जरूर घ्या, पण त्यातला नकाशा आणि नियम वापरा. बाकी शहर तिथं नोकरी करणाऱ्यांना विचारून शोधा. ते जिथं जेवतात तिथं जेवा, पैसे निम्मे लागतात. स्टेडियमपासून स्टेशनपर्यंत बॅरिकेडमधून चालायला लागतं ते अंतर कुठलंच गाइड सांगत नाही; बूट जुने घाला. पॉवर बँक विसरलात तर तिकीट फोनमध्येच मरतं. आणि मॅच संपल्या संपल्या पळू नका. अर्धा तास बसा, गर्दी ओसरते आणि जपानची मॅच असली तर त्यांचे फॅन निळ्या पिशव्या घेऊन आपल्या पायाखालचा कचरा उचलताना दिसतात. लाज वाटून आपणही दोन कप उचलतोच.

८३ वं मिनिट

सोमवारी सात वाजले. राष्ट्रगीतं झाली. माझ्या शेजारची सीट रिकामी. सातवीस, फोन लागेना. मैदानात नेमार नव्हता, सर्बियाविरुद्ध त्याचा घोटा दुखावला होता. निम्म्या स्टेडियमचा त्यामुळे मूड गेलेला, माझा वेगळ्याच कारणानं.

सातपंचविसला दादा आला. कामावरून परस्पर, निळ्या पँटवर कोणाकडून तरी मागून आणलेला पिवळा टीशर्ट. शेअर टॅक्सीनं आला होता, बंद रस्त्यामुळे शेवटचे दोन किलोमीटर चालत. आल्या आल्या त्यानं मैदानाकडे बघितलं नाही. वाकून सीटखाली बघितलं.

‘‘इथं काहीच नाही गो!’’

‘‘हे एकच बिन-एसीचं आहे. कंटेनरचं.’’

तो सरळ बसला, समुद्रावरून येणारा वारा अंगावर घेतला आणि पहिल्यांदा मोठ्यानं हसला. ‘‘म्हणजे आज माझी खरंच सुट्टी.’’

पहिला हाफ संपत आला होता आणि अचानक स्टेडियमचे दिवे गेले. काही सेकंद पूर्ण काळोख, चाळीस हजार लोकांचा एकच ‘ओऽऽ’, मग लगेच उजेड. मला वाटलं शो आहे. दादा मात्र वर बघत मान हलवत होता. ‘‘शिफ्टवाल्याची आता बोलणी खाऊन होतील.’’ बहुतेक त्या स्टेडियममध्ये त्या बिचाऱ्या अनोळखी इलेक्ट्रिशियनचा विचार करणारा तो एकटाच असेल.

दुसऱ्या हाफमध्ये व्हिनिसियसनं गोल केला, आम्ही उड्या मारल्या, व्हीएआरनं तो रद्द केला. मग ८३ व्या मिनिटाला कासेमिरोनं उजव्या पायानं असा काही हाणला की गोलकीपर जागचा हललाच नाही. दादा उभा होता. ओरडत नव्हता. फोनही काढला नाही. दोन्ही हात डोक्यावर ठेवून नुसता बघत होता.

परत जायला मी मेट्रोकडे वळले, तर तो थांबला. ‘‘टॅक्सी बघूया काय?’’ मेट्रोत तो कधी बसलाच नव्हता. तीन वर्षं ती त्याच्या गावात धावत होती, पण त्याची ने-आण कंपनीच्या बसनं. कॅम्पपासून स्टेशन लांब आणि सुट्टी एक दिवसाची, त्यात कपडे धुवायचे, झोपायचं, घरी फोन करायचा.

मग पाच दिवसांच्या पाहुणीनं नऊ वर्षांच्या दोहाकराला मेट्रोत बसवलं. कार्ड कुठं दाखवायचं, कुठल्या बाजूला उभं राहायचं, सगळं मी सांगत होते आणि तो शहाण्या मुलासारखा ऐकत होता. सूक वाकिफला उतरून करक घेतला. बाहेर गर्दी आणि तो फोमचा पंजा. ‘मेट्रो?’ आवाज आला. दादानं माझ्याकडे बघितलं, बाकीचे ओरडले त्याच्या अर्धा सेकंद नंतर, जरा बिचकत, ‘‘धिस वे.’’

मशेरेबला मला ग्रीन लाइन घ्यायची होती. तो गोल्डनं शेवटच्या अल अझीझियापर्यंत जाणार, तिथं खोलीतला एक जण पिकअप घेऊन येणार होता. सकाळी पाचला ड्यूटी. मी म्हटलं, मेट्रो रात्री तीनपर्यंत आहे, बस अजून थोडा वेळ. तो नको म्हणाला. गाइड त्याच्या मागच्या खिशात होतं, दुमडून.

‘‘आईला एकदा आणायची आहे,’’ तो म्हणाला. ‘‘तेव्हा लागेल.’’

गाडी आली, दार उघडलं. तो आत गेला, मग परत डोकं बाहेर काढून विचारलं, ‘‘मधी बदलायची नाही ना कुठं?’’

‘‘नाही रे. सरळ शेवटपर्यंत.’’